लिनक्समधील फाइलींच्या एसीएलची पडताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान लिनक्सचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहे. एसीएल (ॲक्सेस कंट्रोल लिस्ट) म्हणजे एखाद्या फाइलीवर कोणाला काय करता येते याची नोंदवार यादी. मालक, गट आणि इतर ही परवानग्यांची जुनी त्रयी वाचकाला माहीत आहे, आणि निदान एकदा तरी त्याने एखाद्या फाइलीवर सेटएफएसीएल ही एसीएल बदलणारी आज्ञा चालवून पाहिली आहे, असे येथे गृहीत धरले आहे. आज्ञा, फंक्शने आणि त्रुटिसंदेश यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. उदाहरणांतील खात्यांची आणि गटांची नावेही वाचायला सोपी जावीत म्हणून मराठीत दिली आहेत.

१. नेहमीच्या परवानग्या असताना एसीएल कशासाठी लागते?

नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक फाइलीला एकच मालक आणि एकच गट असतो. ताळेबंदाच्या फोल्डरमध्ये लेखा विभागाला लिहिता यावे, बाहेरून आलेल्या तपासनीसाला फक्त वाचता यावे आणि बाकी कोणाला आत डोकावताही येऊ नये, एवढी साधी अपेक्षासुद्धा या पद्धतीत नीट मांडता येत नाही. मग प्रत्येक अडचणीसाठी एक नवा गट काढला जातो, आणि दोन-तीन वर्षांनी कोणता गट कशासाठी काढला होता हे कोणालाच सांगता येत नाही. एसीएलमध्ये त्याच फाइलीवर अमुक एका खात्यासाठी किंवा अमुक एका गटासाठी स्वतंत्र नोंद करता येते. सोय मोठी आहे, पण परवानगीचे उत्तर आता नऊ अक्षरांत दिसत नाही आणि ते हिशेब करून काढावे लागते, ही तिची किंमत आहे.

२. एसीएलची पडताळणी म्हणजे नेमके काय तपासायचे?

येथे तीन वेगळे प्रश्न एकाच शब्दाखाली येतात. यादीची घडण नियमांप्रमाणे आहे का, हा पहिला. त्या यादीतून प्रत्यक्षात कोणाला काय करता येते, हा दुसरा. आणि जे करता येते तेच करता यावे असे ठरले होते का, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कर्नल आणि एसीएल हाताळणारी लायब्ररी मिळून स्वतःच, बिनचूक देतात. दुसऱ्याचे उत्तर मिळते, पण त्यासाठी मास्क (परवानग्यांची वरची मर्यादा, पाहा प्रश्न ६) आणि तपासणीचा क्रम समजून घ्यावा लागतो. तिसऱ्याचे उत्तर कोणत्याही आज्ञेकडे नसते. ते परवानग्या ठरवणाऱ्याच्या डोक्यात किंवा, नशीब चांगले असेल तर, कागदावर असते. सेटएफएसीएलने तक्रार केली नाही म्हणजे सगळे ठीक आहे असे मानणारे लोक पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्याला लावत असतात, आणि पुढे वर्णन केलेले बहुतेक घोटाळे त्यातूनच होतात.

३. वैध एसीएलचे नियम कोणते, आणि ते आले कुठून?

हे नियम पोझिक्सच्या, म्हणजे युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या मानकांच्या मालिकेतल्या, १००३.१ई या प्रस्तावित मानकातून आले. ते मानक कधीच पूर्ण झाले नाही. १७व्या मसुद्यानंतर, जानेवारी १९९८ मध्ये, त्याचा पाठिंबा काढून घेण्यात आला. तरीही लिनक्स आणि फ्रीबीएसडी यांनी तोच मसुदा पायाभूत मानला. लिनक्समध्ये हे काम २००२च्या अखेरीस कर्नलच्या २.५ या विकासमालिकेत समाविष्ट झाले आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ बरोबर सर्वांच्या हाती पडले. रद्द झालेल्या मसुद्यावर जगभरचे सर्व्हर चालावेत ही गंमतच आहे, पण मसुदा चांगला होता हेही खरे.

नियम थोडेच आहेत. मालक, मालकगट आणि इतर या तिघांची प्रत्येकी एकच नोंद असलीच पाहिजे. नाव घेऊन केलेली एकही खात्याची किंवा गटाची नोंद असेल, तर मास्कची नेमकी एक नोंद हवी. तशी नोंद नसेल, तर मास्क असला तरी चालतो आणि नसला तरी चालतो. एकाच खात्याच्या दोन नोंदी नकोत, आणि एकाच गटाच्याही नकोत. खात्याची आणि गटाची नोंद वेगळ्या प्रकारची असल्याने दोन्हींचा क्रमांक योगायोगाने सारखा असला, तरी हरकत नाही.

४. कर्नल हे नियम कसे तपासते?

एसीएल फाइलीच्या विस्तारित गुणधर्मात साठवलेली असते. प्रत्यक्ष प्रवेशासाठीची यादी एका गुणधर्मात आणि फोल्डरची डिफॉल्ट यादी (पाहा प्रश्न ८) दुसऱ्या गुणधर्मात असते. वापरकर्त्याच्या प्रोग्रामकडून कर्नलकडे ही यादी बाइटांच्या एका ठरावीक मांडणीत जाते. सुरुवातीला चार बाइटांचे शीर्ष असते व त्यात आवृत्तीचा क्रमांक २ असतो, आणि पुढे प्रत्येक नोंदीला आठ बाइट असतात: दोन प्रकारासाठी, दोन परवानगीसाठी आणि चार खात्याच्या किंवा गटाच्या क्रमांकासाठी. एका खात्याची जादा नोंद असलेल्या पाच नोंदींच्या यादीची लांबी म्हणून बरोबर ४४ बाइट भरते. शीर्ष वजा करून उरलेल्या लांबीला आठाने पूर्ण भाग जात नसेल किंवा आवृत्ती अनोळखी असेल, तर यादी पुढे वाचलीच जात नाही.

त्यानंतरचे काम पोझिक्स-एसीएल-व्हॅलिड या लहानशा फंक्शनचे. ते यादी वरून खाली एकदाच वाचते आणि आपण कोणत्या टप्प्यावर आहोत एवढेच लक्षात ठेवते. आधी मालकाची नोंद, मग नावे घेतलेली खाती, मग मालकगट, मग नावे घेतलेले गट, मग मास्क आणि शेवटी इतर, हा क्रम मोडला की ते थेट चूक कळवते. वाचणे, लिहिणे आणि चालवणे यांखेरीज परवानगीत एखादा जादा बिट आढळला, तरीही चूक. खात्याच्या किंवा गटाच्या नोंदीतला क्रमांक त्या यूझर नेमस्पेसच्या (कंटेनरसारख्या वातावरणाला दिलेल्या खाते-क्रमांकांच्या स्वतंत्र संचाच्या) नकाशावर नसेल, तरीही चूक, आणि कंटेनरमध्ये एसीएल लावताना अनेकांना सतावणारा प्रकार तो हाच. नाव घेतलेली नोंद दिसली की मास्क लागणार, ही खूण ते बाजूला ठेवते. नंतर मास्कशिवाय थेट इतरांची नोंद आली, तर त्या खुणेवरून यादी नाकारली जाते. या सगळ्यांसाठी उत्तर मात्र एकच, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट. नेमके काय चुकले हे कर्नल सांगत नाही.

५. मग लायब्ररीतील एसीएल-व्हॅलिड आणि एसीएल-चेक ही फंक्शने कशासाठी?

एसीएल-व्हॅलिड हे मसुद्यातले फंक्शन आहे आणि ते होय किंवा नाही एवढेच सांगते. एसीएल-चेक ही लिनक्सच्या लायब्ररीची स्वतःची भर आहे, आणि स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तीच वापरावी असे माझे मत आहे, कारण ती चुकीचा प्रकारही सांगते आणि चूक कितव्या नोंदीवर आहे हेही सांगते. एकदाच यायला हवी अशी नोंद पुन्हा आली, एकाच खात्याची किंवा गटाची नोंद दोनदा आली, आवश्यक नोंद राहून गेली, किंवा नोंदीचा प्रकारच अनोळखी आहे, असे तिचे चार निकाल असतात, आणि एसीएल-एरर त्यांचे वाक्यात रूपांतर करून देते.

कर्नल आणि लायब्ररी यांच्यात एक फरक आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. एकाच खात्याच्या दोन नोंदी आहेत का, हे वर वर्णन केलेले कर्नलचे फंक्शन पाहत नाही, लायब्ररी पाहते. लायब्ररीला वळसा घालून कोणी बाइट स्वतः जुळवून विस्तारित गुणधर्म लिहिला, तर दुहेरी नोंद फाइलीवर बसू शकते, आणि प्रवेश तपासताना त्यांतली पहिली लागू होते. फाइल दुसऱ्या साधनाने उघडून पाहणाऱ्याला मात्र कोणती नोंद खरी हे कळत नाही. परवानग्यांच्या याद्या बाहेरून आयात करणारा प्रोग्राम तुमच्या हाताखाली असेल, तर यादी कर्नलकडे सोपवण्याआधी ती लायब्ररीकडून तपासून घ्यावी.

६. मास्क म्हणजे काय, आणि सीएचमॉड केल्यावर परवानग्या विचित्र का होतात?

पडताळणीत सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून हे उत्तर लांब आहे.

मास्क ही वरची मर्यादा आहे. नाव घेतलेली खाती, मालकगट आणि नाव घेतलेले गट यांना नोंदीत काहीही दिलेले असले, तरी मास्कमध्ये जे नाही ते त्यांना मिळत नाही. मालक आणि इतर यांच्यावर मास्कचा काहीच परिणाम होत नाही. ज्या फाइलीवर मास्क आहे, तिच्या एलएस-एलच्या ओळीत मधली तीन अक्षरे मालकगटाच्या परवानग्या दाखवत नाहीत, मास्क दाखवतात; शेवटी येणारे अधिकचे चिन्ह हाच त्याचा इशारा. सीएचमॉडही मधल्या अंकाने मालकगटाची नोंद न बदलता मास्क बदलतो.

समजा, ताळेबंदाच्या एका फाइलीवर लेखापाल हा मालक आहे आणि त्याला वाचण्या-लिहिण्याची मुभा आहे, तपासनीस या खात्याला नाव घेऊन वाचण्या-लिहिण्याची परवानगी दिली आहे, लेखा या मालकगटाला फक्त वाचता येते, मास्क वाचणे-लिहिणे असा आहे आणि इतरांना काही नाही. कोणी सीएचमॉड ६०० चालवले की मास्क रिकामा होतो. तपासनीसाची नोंद यादीत जशीच्या तशी राहते, गटाची नोंदही राहते, यादी पूर्णपणे वैध असते, आणि तरी मालकाखेरीज फाइल कोणालाच उघडत नाही. गेटएफएसीएल ही यादी दाखवणारी आज्ञा अशा वेळी नोंदीपुढे प्रत्यक्ष लागू होणारी परवानगी वेगळी लिहून दाखवते; ती टिप्पणी वगळून केलेली कोणतीही पडताळणी निरुपयोगी आहे.

आता याची उलट बाजू. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तीच फाइल वाचायला द्यायची म्हणून प्रशासक सेटएफएसीएलने एक नवी नोंद करतो. सेटएफएसीएल, वेगळे सांगितले नाही तर, मास्क नव्याने काढते, आणि तो गटवर्गातल्या, म्हणजे मास्क ज्यांना लागू होतो त्या, सर्व नोंदींची बेरीज असतो. तपासनीसाच्या जुन्या नोंदीत लिहिण्याची परवानगी असल्यामुळे मास्कमध्ये ती परत येते, आणि सीएचमॉडने बंद केली असे सर्वांना वाटत असलेली वाट, कोणी तिचे नावही न घेता, पुन्हा उघडते. नोंद झाकणे आणि नोंद काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश खरोखर बंद करायचा असेल, तर सेटएफएसीएलच्या एक्स पर्यायाने नोंदच काढावी, आणि मास्क तसाच ठेवून नवी नोंद घालायची असेल, तर एन पर्याय द्यावा.

७. एक माणूस दोन गटांत आहे. त्याला दोन्ही गटांच्या परवानग्यांची बेरीज मिळते का?

नाही, आणि या उत्तरावर अनेकांचा विश्वास बसत नाही. कर्नल आधी मालक पाहते, मग नाव घेतलेली खाती, मग सर्व गट, आणि शेवटी इतर. खाते जुळले की निर्णय तिथेच होतो. म्हणून एखाद्या खात्याच्या नावे रिकामी नोंद केली, तर तो माणूस कितीही गटांत असला तरी त्याला प्रवेश मिळत नाही. गटांच्या टप्प्यावर मात्र मागितलेली परवानगी संपूर्णपणे देणारी निदान एक नोंद लागते. खरेदी गटाला वाचणे आणि विक्री गटाला लिहिणे दिले असेल, तर दोन्ही गटांत असलेला माणूस ती फाइल वाचण्यासाठी उघडू शकतो, लिहिण्यासाठीही उघडू शकतो, पण दोन्हींसाठी एकदम उघडू शकत नाही. गट जुळला पण परवानगी पुरली नाही, तर पुढे इतरांची नोंद पाहिलीच जात नाही. म्हणून इतरांना वाचण्याची मुभा असलेली फाइल गटातल्या माणसाला न उघडणे ही तक्रार खरी असू शकते, आणि त्यात काही बिघडलेले नसते.

८. डिफॉल्ट एसीएल लावली, तरी नव्या फाइलींवर अपेक्षित परवानग्या का येत नाहीत?

डिफॉल्ट एसीएल फक्त फोल्डरवर लागते. तिची घडण वर सांगितलेल्या नियमांनीच तपासली जाते, पण फोल्डरवर प्रवेश देताना ती पाहिली जात नाही. आत नवे काही तयार होताना तिची प्रत उतरते, एवढाच तिचा उपयोग. उपफोल्डरला ती दोन्ही रूपांत, म्हणजे प्रवेशाची यादी म्हणून आणि डिफॉल्ट यादी म्हणूनही, मिळते. अशा फोल्डरमध्ये यूमास्क (नव्या फाइलींतून ठरावीक परवानग्या वगळणारी सेटिंग) लागू होत नाही, पण फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रामने मागितलेल्या परवानग्या मात्र मर्यादा घालतात. प्रोग्रामने ६४४ मागितले असेल, तर नव्या फाइलीचा मास्क फक्त वाचण्याचा होतो, आणि डिफॉल्ट यादीत तपासनीसाला लिहिण्याची परवानगी असली तरी ती त्या फाइलीवर चालत नाही. सुरक्षिततेसाठी ६०० मागणाऱ्या संपादकांमध्ये तर मास्क रिकामाच येतो. दोष एसीएलचा नसतो, पण बोट तिच्याकडेच दाखवले जाते.

डिफॉल्ट यादी नंतर बदलली, तर आधीच्या फाइली तशाच राहतात. आणि त्याच फाइल सिस्टिमवर एमव्हीने हलवलेली फाइल आपली जुनी यादी बरोबर घेऊन येते, तर सीपीने केलेली साधी प्रत नव्या फोल्डरची यादी घेते. सामायिक फोल्डरमध्ये काही फाइली सगळ्यांना उघडतात आणि काही उघडत नाहीत, तेव्हा आधी ती फाइल तिथे कशी आली हे विचारावे.

९. मी रूट म्हणून तपासले, सगळे उघडते. पडताळणी झाली का?

नाही. वाचण्या-लिहिण्याच्या बाबतीत रूट एसीएलच्या पलीकडे असतो, त्यामुळे रूटने केलेली चाचणी एसीएलविषयी काहीच सिद्ध करत नाही. ज्या खात्याचा प्रश्न आहे, त्या खात्याने सुडोमधून टेस्ट ही आज्ञा चालवून वाचणे आणि लिहिणे स्वतंत्रपणे तपासावे, आणि शक्य असेल तर तो माणूस वापरतो त्याच प्रोग्राममधून फाइल उघडून पाहावी. मला विचाराल, तर ज्याला प्रवेश नसावा त्याच्या खात्याने केलेली चाचणी ज्याला प्रवेश असावा त्याच्या चाचणीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे, कारण प्रवेश मिळाला नाही तर माणूस फोन करतो. नको तेवढा मिळाला तर सहसा कोणी कळवत नाही.

१०. मी कधीच एसीएल लावली नाही, तरी काही ठिकाणी अधिकचे चिन्ह का दिसते?

कारण सिस्टिमने स्वतःच लावलेली असते. सेवा चालवणारी सिस्टिमडी आपल्या जर्नलच्या, म्हणजे लॉगच्या, फोल्डरवर प्रशासकांच्या गटांना वाचण्याची परवानगी एसीएलने देते, आणि यंत्रासमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला आवाजाचे वगैरे साधन वापरता यावे म्हणून साधने सांभाळणाऱ्या यूडेव्हचा नियम त्या साधनाच्या फाइलीवर त्याच्या खात्याची नोंद घालतो आणि सत्र बदलले की बदलतो. अशा नोंदी अनोळखी दिसल्या म्हणून पुसू नयेत. ओळीच्या शेवटी अधिकच्या चिन्हाऐवजी फक्त टिंब दिसत असेल, तर तो एसीएलचा नव्हे, एसईलिनक्सच्या सुरक्षा-संदर्भाचा निदर्शक आहे.

११. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे खाते काढले. एसीएलमधल्या त्याच्या नोंदी आपोआप जातात का?

जात नाहीत. एसीएलमध्ये नाव नसते, क्रमांक असतो. खाते काढल्यावर गेटएफएसीएल नावाच्या जागी तो क्रमांक दाखवू लागते, आणि पुढे कधी तोच क्रमांक नव्या माणसाला मिळाला, तर जुन्या माणसाच्या सर्व फाइली त्याला, कोणताही अर्ज न करता, उघडतात. यादी तेव्हाही वैधच असते. अनाथ फाइली शोधण्यासाठी फाइंडचा नोयूझर हा पर्याय वापरण्याची सवय चांगली आहे, पण तो फक्त मालक पाहतो, एसीएलमधल्या नोंदी पाहत नाही. त्यासाठी गेटएफएसीएलचा एन पर्याय वापरून सर्व क्रमांक काढावेत आणि प्रत्येक क्रमांक गेटएंट या खाती व गट शोधणाऱ्या आज्ञेने तपासावा. क्रमांक पुन्हा न वापरण्याचे धोरण असेल, तर धोका पुष्कळ कमी होतो.

१२. बॅकअपमधून परत आणलेल्या फाइलींची एसीएल तपासावी लागते का?

लागते, आणि सगळ्यात आधी. सीपीला पी पर्याय दिला तर तो एसीएल जपतो. आरसिंकला मोठा ए हा पर्याय वेगळा द्यावा लागतो, आणि टारला एसीएल जपण्याचा पर्याय फाइली बांधताना आणि सोडताना दोन्ही वेळा द्यावा लागतो. हे पर्याय विसरले, तर एसीएल गळून पडते आणि साध्या नऊ परवानग्या उरतात.

येथे एक सापळा आहे. एसीएल गेली म्हणजे परवानग्या कमी झाल्या, असे बहुतेकांना वाटते. सहाव्या प्रश्नात पाहिल्याप्रमाणे मधली तीन अक्षरे मास्कची असतात. मालकगटाला काहीच दिलेले नाही, पण तपासनीसाला वाचणे-लिहिणे दिले आहे आणि मास्क वाचणे-लिहिणे आहे, अशा फाइलीच्या साध्या परवानग्या ६६० दिसतात. एसीएलशिवाय ती परत आणली की तेच ६६० मालकगटाला खरोखर लागू होते. तपासनीसाचा प्रवेश जातो आणि ज्या गटाला मुद्दाम बाहेर ठेवले होते, त्या संपूर्ण गटाला लिहिण्याची मुभा मिळते. एका ठिकाणी डिस्क बदलल्यावर मी स्वतः हे केले आहे. फाइली मोजल्या, आकार जुळवले, चेकसम तपासले, आणि पगाराचे तक्ते तीन दिवस अख्ख्या गटाला उघडे राहिले. तक्रार फक्त एकाचीच आली, आणि ती प्रवेश गेल्याची होती.

१३. संपूर्ण फोल्डरची नियमित पडताळणी कशी करावी?

आधी हवी ती स्थिती निश्चित करून तिची नोंद ठेवावी, मग प्रत्यक्ष स्थिती तिच्याशी ताडून पाहावी. गेटएफएसीएलला मोठा आर पर्याय देऊन संपूर्ण फोल्डरची यादी मजकुराच्या फाइलीत घेता येते. फक्त जादा नोंदी असलेल्या फाइली हव्या असतील, तर एस पर्यायाने बाकीच्या गाळाव्यात. मात्र एसीएल गळून पडलेल्या फाइलीही या गाळणीतून निसटतात, म्हणून तुलनेसाठी पूर्ण यादीच बरी. क्रमांक आणि नावे यांतील गोंधळ टाळण्यासाठी एन पर्याय द्यावा. फोल्डर वाचण्याचा क्रम दर वेळी सारखा येईलच असे नाही, त्यामुळे फाइलींची नावे आधी फाइंडने काढून, सॉर्टने लावून, मगच गेटएफएसीएलच्या प्रमाणित इनपुटला द्यावीत, म्हणजे डिफ चालवल्यावर खरे बदल तेवढेच दिसतात. ही मजकुराची फाइल गिटमध्ये ठेवली, तर कोणता बदल कधी झाला याचा इतिहासही आपोआप तयार होतो.

तीच फाइल सेटएफएसीएलच्या रिस्टोअर पर्यायाला देऊन परवानग्या पूर्ववत करता येतात, आणि त्याबरोबर टेस्ट पर्याय दिला तर प्रत्यक्ष बदल न करता काय होईल तेवढेच दिसते. शीर्षातील टिप्पण्यांमध्ये मालक, गट आणि सेटयूआयडीसारखे बिट लिहिलेले असतात व रिस्टोअर ते वापरतो. बिटांची टिप्पणी नसेल, तर ते बिट तो काढून टाकतो. म्हणून नीटनेटके दिसावे म्हणून शीर्ष गाळलेली यादी बॅकअप म्हणून जपू नये.

१४. कर्नलच्या स्वतःच्या तपासणीत कधी चुका झाल्या आहेत का?

झाल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन येथे सांगण्याजोग्या आहेत. सीव्हीई या जाहीर सुरक्षा-दोषांच्या यादीतल्या सीव्हीई-२०१६-७०९७ या नोंदीतील दोष कर्नल ४.८.२ पर्यंत होता. स्वतः त्या गटात नसलेल्या मालकाने सीएचमॉड केले, तर कर्नल सेटजीआयडी बिट (प्रोग्राम चालवणाऱ्याला फाइलीच्या गटाचे अधिकार देणारी खूण) काढून टाकते. पण तोच बदल एसीएल लिहून केला, तर तो बिट राहत असे, आणि त्यातून गटाचे अधिकार मिळवता येत होते. यादी स्वतः अगदी वैध असे, चूक तिच्या परिणामाकडे न पाहण्यात होती. सीव्हीई-२०१६-१२३७ मध्ये एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली वाटून देणारा, सर्व्हर, एसीएल बदलणाऱ्याला तो अधिकार आहे का, हेच तपासायला चुकत होता, आणि हा दोष ४.६.३ पर्यंत होता. यादीची घडण तपासणारे फंक्शन दोन्ही वेळी आपले काम चोख करत होते.

१५. ऑपरेशन नॉट सपोर्टेड आणि इनव्हॅलिड आर्ग्युमेंट या संदेशांत फरक काय?

पहिल्याचा अर्थ फाइल सिस्टिमला एसीएल ठाऊक नाही किंवा ती माउंट करताना बंद ठेवली आहे. दुसऱ्याचा अर्थ यादीत चूक आहे. सेटएफएसीएलने कितव्या अक्षराजवळ चूक आहे असे सांगितले, तर बहुधा खात्याचे नाव चुकीचे लिहिलेले असते. फोल्डर नसलेल्या फाइलीवर डिफॉल्ट यादी लावायला गेल्यास कर्नल परवानगी नाकारल्याचा संदेश देते, आणि तो वाचून लोक उगाच मालकी तपासत बसतात.

१६. विंडोज, मॅक आणि एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीतही हेच नियम आहेत का?

नाहीत. तिथे परवानगी देणाऱ्या आणि नाकारणाऱ्या दोन्ही प्रकारच्या नोंदी असतात, त्यामुळे नोंदींचा क्रम फार महत्त्वाचा ठरतो. विंडोजमध्ये फाइलीवर थेट लावलेल्या नकाराच्या नोंदी आधी, मग थेट परवानग्या आणि त्यानंतर वारशाने आलेल्या नोंदी, हा प्रमाण क्रम मानला जातो, आणि आयकॅकल्स या विंडोजच्या आज्ञेचा व्हेरिफाय पर्याय हा क्रम मोडलेल्या किंवा लांबी व नोंदींची संख्या यांचा मेळ न बसणाऱ्या याद्या शोधून देतो. तिथला एक भेद पाठच करून ठेवावा: यादीच नसणे म्हणजे सर्वांना सर्व मोकळे, आणि रिकामी यादी असणे म्हणजे कोणालाच काही नाही. मॅकवर सीएचमॉडचा मोठा सी हा पर्याय क्रमाची तपासणी करतो. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीच्या याद्या लिनक्सचा सर्व्हर पोझिक्सच्या याद्यांत रूपांतरित करतो, आणि त्या रूपांतरात नकाराचे सगळे बारकावे टिकत नाहीत. म्हणून अशा ठिकाणी क्लायंटवर दिसणारी यादी आणि सर्व्हरवर दिसणारी यादी दोन्ही तपासाव्यात.

१७. एसीएल बरोबर आहे, मास्क बरोबर आहे, माणूस योग्य गटात आहे. तरी फाइल उघडत नाही. आता काय?

माणसाला गटात नुकतेच घातले असेल, तर त्याला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगावे, कारण चालू सत्राला नवा गट कळत नाही. मग मुळापासून त्या फाइलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर त्याला चालवण्याची, म्हणजे आत जाण्याची, परवानगी आहे का ते पाहावे. नेमआय ही आज्ञा ती वाट एका नजरेत दाखवते, पण फक्त साध्या परवानग्या, त्यामुळे संशयास्पद फोल्डरवर गेटएफएसीएल वेगळी चालवावी. त्यानंतर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या जादा सुरक्षा-यंत्रणांच्या लॉगमध्ये नकाराची नोंद आहे का, फाइल सिस्टिम फक्त वाचण्यासाठी माउंट झाली आहे का, आणि सीएचॲटरने फाइलीवर न बदलण्याचा गुण लावला आहे का, हे याच क्रमाने तपासावे. शेवटच्या दोन कारणांनी लिहिणे रूटलाही नाकारले जाते, त्यामुळे रूट म्हणून लिहून पाहण्याचा खरा उपयोग झालाच तर अशाच ठिकाणी होतो.